विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर: बडोद्यातल्या घरचा अनुभव

आमचा डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या आय-थ्रीचा, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं, म्हणजे आमचं मशीन बाद. वर्षभराची मुदतवाढ घेता येत होती, पण पुढच्या दिवाळीला पुन्हा तोच प्रश्न. सयाजीगंजातल्या दुकानदाराने एका वाक्यात निकाल लावला, “बेन, नवुं ज लई लो ने!” धडधाकट मशीन भंगारात द्यायला जीव होईना. दिवाळीनंतर मुलाने फोनवरून सांगत सांगत विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, लिनक्स मिंट २२.२, टाकून घेतली. रॅम कमी म्हणून त्यातली हलकी, एक्सएफसीई आवृत्ती.

टाकण्याचं फार कौतुक नाही. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आधी त्यावरूनच चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतो का ते हार्ड डिस्कला हात न लावता कळतं. फोटो मात्र आधीच बाहेर काढून ठेवा, कारण इन्स्टॉल करताना डिस्क पुसायला सांगितली की मागचं काहीच उरत नाही.

माझं खरं काम टायपिंगचं. महिला मंडळाची पत्रकं मराठीत, सोसायटीच्या नोटिसा गुजरातीत. पूर्वी इंग्रजी अक्षरं बडवून मराठी उमटवणारं एक साधन वापरायचे, ते फक्त विंडोजचं. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगात मराठी आणि गुजराती जोडले आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळींची मांडणी, शिकायला बसले. डीवर हलन्त, एफवर पहिली वेलांटी, शिफ्ट दाबून एन म्हणजे ळ. सुरुवातीला एकेक अक्षर हुडकताना वैताग यायचा. मग एक गंमत लक्षात आली: ज्या कळीवर मराठी क, त्याच कळीवर गुजराती ક. बहुतेक भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी ठेवलेली असल्याने मराठी बोटांत बसलं की गुजराती फुकटात पदरी पडतं. बडोद्यात दोन्ही भाषांत लिहिणाऱ्याला आणखी काय हवं? इनस्क्रिप्ट विंडोजमध्येही आहे, हेही सांगायला हवं. तिकडे भागत होतं, म्हणून कधी त्या वाटेला गेले नाही एवढंच.

जुन्या फायलींनी मात्र घाम काढला. मंडळाची कितीतरी वर्षांची इतिवृत्तं युनिकोडच्या (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटात आहेत. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी रूप फक्त फाँट देतो. फाँट नसला की पडद्यावर नुसता कचरा. जुन्या मशीनमधली फाँटची फाइल आणून मिंटमध्ये बसवली तेव्हा सगळं वाचता आलं. युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासावेच लागतात. हे काम अजून चालू आहे, आणि त्याचं खापर मिंटवर फोडण्यात अर्थ नाही.

वर्डची साधी पत्रं लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतात. तक्ते असले की ओळी सरकतात. सासूबाई यूट्यूबवर नाट्यसंगीत ऐकतात. मशीन बदललंय हे त्यांना मी सांगितल्यावर कळलं. अपडेट आल्याचं मिंट कळवतं, टाकायचे कधी ते आपण ठरवायचं. त्याआधी मिंटमधल्याच टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टिमची प्रत ठेवली की बिनसलं तर मागे जाता येतं.

ह्यांचे हिशेब टॅलीत असतात आणि टॅलीची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती नाही. ते काम भाच्याच्या लॅपटॉपवर गेलं. ज्यांचं घर टॅलीवर चालतं त्यांनी तेवढ्यासाठी विंडोजचं एक मशीन राखावंच.

राहता राहिला प्रिंटर. आमचा जुना लेझर आहे, यूएसबीचा, आणि त्याला कंपनीचाच ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो. मुलाने दोन रविवार घालवले, एकदा अर्धं पान आलं, मग तेही नाही. हल्लीचे वायफाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हर न टाकताच चालतात, पण पत्रकांपुरता नवा कोण घेणार? पीडीएफ करून दांडिया बाजारातल्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप करते, भाजी आणायला जाताना प्रती उचलते.