डी ब्राउन की पीटर कोझेन्स?

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या आदिवासी युद्धांवर एकच पुस्तक घ्यायचं, तर निवड साधारण दोघांत होते: डी ब्राउन यांचं 'बरी माय हार्ट ॲट वुंडेड नी' (१९७०) आणि पीटर कोझेन्स यांचं 'द अर्थ इज वीपिंग' (२०१६).

ब्राउन मूळ रहिवाशांच्या बाजूने उभे राहून लिहितात. तहाच्या बैठकांत नोंदवलेली सरदारांची भाषणं हा त्यांचा मोठा आधार. नोव्हेंबर १८६४ मधलं कोलोरॅडोतल्या सँड क्रीकचं हत्याकांड त्यांच्याकडूनच वाचावं. शायान जमातीचा सरदार ब्लॅक केटल याच्या राहुटीवर अमेरिकेचा झेंडा फडकत असतानाच कर्नल शिव्हिंग्टनच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. वाचताना अंगावर काटा येतो. पण लाकोटा आणि क्रो या दोन जमातींचं जुनं हाडवैर तिथे हाताला फारसं लागत नाही.

ती बाजू कोझेन्स भरून काढतात. जून १८७६ मध्ये रोझबडच्या लढाईत लाकोटांशी लढणाऱ्या अमेरिकी जनरल क्रूकच्या फौजेला वाचवलं ते क्रो आणि शोशोनी योद्ध्यांनी. ते गोऱ्यांच्या बाजूला का गेले? लाकोटा त्यांच्या शिकारीच्या जमिनी बळकावत होते म्हणून. हे समजलं की सगळ्या युद्धाकडे बघायची नजरच बदलते. मोहिमांचे तपशील मात्र कधी कधी दमवतात, आणि मुख्य कथा अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर (१८६१-६५) सुरू होत असल्याने सँड क्रीक ओझरतंच येतं.

माझं मत कोझेन्सच्या पारड्यात. ब्राउन ग्रंथालयातून आणा, पण वाचाच.