सेकंडहँड लेन्स विकणाऱ्याच्या कॅमेऱ्यावर तपासू नका, मी तिथेच फसलो

मी एक वापरलेली ८५ एमएम एफ १.८ लेन्स घेतली (८५ एमएम ही तिची फोकल लेंथ, एफ १.८ हे तिचं सगळ्यात मोठं छिद्र), पोर्ट्रेटसाठी, बरेच महिने पैसे साठवत होतो. विकणारा फोनवर म्हणाला, तुमचा कॅमेरा आणायची गरजच नाही, माझ्याकडे तुमचंच मॉडेल आहे, त्यावर बघा ना. लेन्स कधी उघडलेली नाही, पडलेली नाही असंही सांगितलं. मी गेलो, माझं कार्ड त्याच्या बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यात, टाकलं, त्याचेच चार-पाच फोटो काढले आणि झूम करून बघितले तर पापणीचा केस न केस दिसत होता. लगेच पैसे दिले.

घरी माझ्या बॉडीवर लावली आणि एक फोटो धड येईना. फोकस डोळ्यावर धरायचा आणि शार्प यायचा नाकाचा शेंडा. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १.८ ला दोन मीटरवरून या लेन्सची डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प येणारी खोली, जेमतेम ६ सेंटीमीटर असते, त्यामुळे फोकस थोडा जरी पुढे, कॅमेऱ्याच्या बाजूला, पडला तरी डोळे गेलेच. त्याला फोन केला तर म्हणाला तुमच्या बॉडीचं कॅलिब्रेशन गेलंय. मी ते खरं मानलं, कारण असं होऊ शकतं, डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकसचा सेन्सर वेगळा, खाली असतो आणि फोटो घेणारा सेन्सर वेगळा, दोघांच्या अंतरात जरा फरक पडला की फोकस चुकतो. पण माझ्या बाकीच्या लेन्स बरोबर चालत होत्या, आणि हीच लेन्स लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढताना, मध्यभागी शार्प येत होती, कारण तिथे फोकस मेन सेन्सरवरूनच होतो.

मग रात्री बसून त्याच्या कॅमेऱ्यावर काढलेले फोटो एक्झिफटूलमध्ये, म्हणजे फोटोच्या फाईलमधली लपलेली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडले. फाईलमध्ये मायक्रोअॅडजस्टमेंटची, म्हणजे फोकस मुद्दाम पुढे-मागे सरकवायच्या सेटिंगची, व्हॅल्यू दिसते, ती होती अधिक १८, आणि मर्यादा असते उणे २० ते अधिक २०. म्हणजे लेन्स फोकस पुढे टाकते हे त्याला पक्कं माहीत होतं, त्याने स्वतःच्या बॉडीत ते झाकून ठेवलं होतं. ही सेटिंग बॉडीत सेव्ह होते, लेन्सबरोबर येत नाही, आणि म्हणूनच माझा कॅमेरा आणू नका हा आग्रह! हे कळलं तेव्हा खूप राग आला, आणि अजूनही येतो.

मीही अधिक १८ लावून बघितलं. जवळचे फोटो सुधारले पण लांबचा माणूस धरला की फोकस त्याच्या मागे जायला लागला. भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून ट्रायपॉडवरून समोरून फोटो काढला तर डावीकडची अक्षरं स्वच्छ आणि उजवीकडची पुसट, म्हणजे आतली काच तिरकी बसलीय, आणि हे कुठल्याही अॅडजस्टमेंटने सुटत नाही. दुरुस्तीवाल्याने बघितल्या बघितल्या सांगितलं, आधी उघडलीय, स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे आहेत.

तुम्ही घेणार असाल तर स्वतःची बॉडी न्या, तिच्यात त्या लेन्ससाठी व्हॅल्यू शून्य ठेवा, डायफ्रॅम, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडा ठेवून काढा, एफ ८ वर, छिद्र लहान असताना, सगळंच चांगलं दिसतं. फोकल लेंथच्या साधारण ५० पट अंतरावरून, म्हणजे ८५ ला सव्वाचार मीटरवरून, प्रत्येक वेळी फोकस बिघडवून परत धरा आणि दहा तरी फोटो घ्या, मग लाइव्ह व्ह्यूमधल्या फोटोशी ताडून बघा. जवळून आणि लांबून वेगळं तपासा. आणि त्याच्या कॅमेऱ्यावरच बघावं लागलं तर मेनू उघडून ती व्हॅल्यू आधी दाखवायला सांगा.

त्या माणसाला मी फाईलचा स्क्रीनशॉट पाठवला. त्याने वाचला आणि नंबर ब्लॉक केला, लेन्स अजून माझ्याकडेच आहे.