नाक धुवायची बाटली, पाच महिने रोज वापरल्यावर

नवरात्रात इंदूरच्या दवाबाजारातून घेतली होती, आता रंगपंचमी पण होऊन गेली, त्यामुळे लिहायला हरकत नाही. 240 मिलीची मऊ प्लास्टिकची बाटली, आत नळी, वर नाकपुडीला टेकवायचं गोल टोपण आणि सोबत मिठाच्या पुड्या. कंपनीचं नाव लिहत नाही, तीन-चार कंपन्यांच्या जवळपास सारख्याच येतात.

आधी माझं सांगते. आमच्याकडे सगळे म्हणायचे हिचा सर्दीचा कोठा आहे. सकाळी उठलं की ओळीने दहा-बारा शिंका, नाकातून नुसतं पाणी, टाळूला आतून खाज, डोळे चुरचुरणार, अकरा वाजेपर्यंत जरा बरं आणि रात्री गादीवर पडलं की नाक चोंदलेलं. ताप कधीच नाही. खरी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, माझी महिनोन्‌महिने जात नव्हती, पण हे लक्षात यायलाच कितीतरी वर्षं गेली. मधे एका मेडिकलवाल्याने नाक मोकळं करायचे ड्रॉप्स दिले, झायलोमेटाझोलिन, दोन मिनिटांत नाक उघडायचं म्हणून मी रोज रात्री घालत गेले, दोन वर्षं. किती दिवस घालायचे हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हे ड्रॉप्स तीन ते पाच दिवसांच्या वर घालायचे नसतात, नाहीतर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं आणि मग त्या ड्रॉप्सशिवाय झोपच लागत नाही. माझं अगदी हेच झालं होतं. कोणी घालत असेल तर प्लीज आजच बाटलीवरचं नाव वाचा.

शेवटी ईएनटीच्या मॅडमनी सांगितलं की ही सर्दी नाही हो, अ‍ॅलर्जिक रायनायटिस आहे, म्हणजे नाकाची अ‍ॅलर्जी. हातावर थेंब ठेवून सुईने टोचून टेस्ट केली (त्याच्या आधी काही दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर टेस्टमध्ये काही दिसत नाही). बाकीचे थेंब शांत राहिले आणि डस्ट माइटच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी ही एवढी गांधी उठली. माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, गादी-उशीत राहतात, आपल्या कातडीचा कोंडा खातात, आणि अ‍ॅलर्जी मुख्य म्हणजे त्यांच्या विष्ठेची असते. आपलं इंदूर स्वच्छतेत कितीतरी वर्षं देशात पहिलं आलंय, पण हे रस्त्यावर नसतात ना, माझ्या आजीच्या गोधडीत होते.

मॅडमनी दोन गोष्टी दिल्या, फ्लुटिकासोनचा स्प्रे (हे नाकात मारायचं स्टिरॉइड) आणि ही बाटली. भिंतीला रंग द्यायच्या आधी ती घासून घेतो ना तसं आहे, आधी नाक धुवायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग स्प्रे. उलटं केलं तर औषध पाण्याबरोबर वाहून जातं. स्टिरॉइड म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या होत्या, पण नाकातल्या स्प्रेचा डोस फार कमी असतो आणि काम जास्त करून नाकातच होतं. मात्र दोन दिवसांत फरक पाहू नका, पूर्ण असर यायला दोन आठवडे लागू शकतात. आणि स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारला की आपोआप बरोबर बसतं. मी आधी सरळ वर मारायचे, आठवडाभर नाकातून रक्ताचे ठिपके यायचे.

बाटलीबद्दल सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी. नळाचं नर्मदेचं पाणी डायरेक्ट अजिबात नको, आरओचं पण नको. पाणी चांगलं खळखळ एक मिनिट उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, मग पुडी घालायची. न उकळलेल्या पाण्यातून मेंदूपर्यंत जाणारा अमिबा नाकात जाऊ शकतो, असं क्वचितच होतं पण झालं तर जीवावर बेततं. पुडीत मीठ आणि खाण्याचा सोडा असतो, आपल्या शरीराच्या खारटपणाइतकं म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ पडलं की जळजळ होत नाही. एकदा घाईत पुडी विसरले तर नाकात इतकी आग झाली की डोळ्यांतून पाणी आलं.

बेसिनवर वाकायचं, तोंडाने श्वास घ्यायचा, हळू दाबायचं, एका नाकपुडीतून घातलेलं पाणी दुसऱ्यातून येतं. जोरात दाबलं तर कानात दडे बसतात. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल तर त्या दिवशी राहू द्या. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायला गेलो होतो, येता येता सगळ्यांची तोंडं गुलालाने माखलेली, घरी येऊन नाक धुतलं तर आधी गुलाबी, मग हिरवं, मग मळकट पाणी बेसिनमध्ये पडत राहिलं, दुसरी बाटली निम्मी झाल्यावर कुठे स्वच्छ आलं. दरवर्षी गेरनंतर आठवडाभर आडवी असायची मी, यंदा दुसऱ्या दिवशी कामावर होते.

तक्रारी आहेत. टोपणाचा आटा दोन महिन्यांत सैल झाला, दाबताना मनगटावरून पाणी येतं. पुड्या महाग पडतात, रोज दोन वेळा म्हणजे महिन्याला साठ. बाटली आतून वाळत नाही, उलटी टांगून ठेवावी लागते आणि तीन महिन्यांनी बदलायची असते हे डब्यावर इतक्या बारीक अक्षरात आहे की सासूबाईंच्या भिंगाने वाचलं.

आणि नुसत्या बाटलीने होणार नाही. चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात, 60 डिग्रीला, आणि गादी-उशीला माइट अडवणारे कव्हर. गोधडी मात्र टाकवत नाही, धुऊन पेटीत ठेवलीये.

माझा अकरा वर्षांचा मुलगा सारखा तळव्याने नाक वर घासायचा, नाकावर आडवी रेघ उमटली होती, मी वाईट सवय म्हणून ओरडायचे त्याला. ते खाजेमुळे होतं. त्याला आता लहान मुलांची बाटली आणलीये, दोघं रात्री शेजारी शेजारी वाकतो. पाचपैकी चार, एक स्टार टोपणाचा कापला.