ईटीपीच्या गाळासाठी फिल्टर प्रेस: मशीन दणकट, सर्व्हिसची बोंब

आमचं झिंक प्लेटिंगचं युनिट आहे, ईटीपीचा (म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा) गाळ आधी ड्राइंग बेडवर (उघड्यावर गाळ वाळवायच्या वाफ्यावर) टाकायचो पण पावसाळ्यात तो वाळायचं नावच घेत नाही, म्हणून शेवटी हायड्रॉलिक फिल्टर प्रेस घेतला, म्हणजे कापड लावलेल्या प्लेटांमधून गाळातलं पाणी दाबाने गाळून काढणारं मशीन. मशीन खरंच दणकट आहे. सेटलिंग टँकच्या तळाची २-३ टक्के सॉलिडवाली पाणचट स्लरी आत जाते आणि प्लेटा उघडल्या की ३० टक्के सॉलिडच्या आसपासचा केक (घट्ट गाळाची वडी) बदाबद खाली पडतो, ग्लोव्हज घालून दाबला तर मोडतो पण चिकटत नाही. म्हणजे वजन जवळपास दहा पटीने कमी! हा गाळ घातक कचऱ्यात येतो, सरकारी नियमांतली कॅटेगरी ३५.३, साधारण ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही, आणि रांजणगाव-तळोज्यासारख्या कॉमन साइटवर (सगळ्या कारखान्यांचा घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर) बिल वजनावर लागतं, त्यामुळे पाणी गेलं तेवढे पैसे वाचले.

वैताग फक्त कापडाचा. ईटीपीत चुना जास्त पडला की प्लेटांवरचं कापड चोंदतं, मग पातळ ॲसिडने धूत बसा. सप्लायरला जादा सेट मागितला तर "सर उद्या पाठवतो", तो उद्या काही उजाडत नाही. घेणार असाल तर जादा कापड मशीनच्या ऑर्डरमध्येच घाला, नंतर कोणी विचारत नाही. ५ पैकी ४.