पॅच क्लॅम्प, प्रोब की कॅल्शियम इमेजिंग? न्यूरॉनच्या नोंदीसाठी काय निवडाल

एक स्पाइक, म्हणजे न्यूरॉन या मेंदूतल्या पेशीनं दिलेला विजेचा क्षणिक ठोका, साधारण १ मिलिसेकंदात उरकतो. त्याच स्पाइकमुळे कॅल्शियम इमेजिंगमधल्या जीकॅम्प६एस या संवेदक प्रथिनाला आलेली चमक अर्ध्यावर उतरायला मात्र जवळपास अर्धा सेकंद जातो. नोंद कशाने घ्यायची हे ठरवताना हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. लुकलुकणाऱ्या पेशींच्या चित्रफितीवर भाळून आधी मायक्रोस्कोप निवडायचा आणि मग त्याला साजेसा प्रश्न शोधत बसायचं, यात विद्यार्थ्यांची उमेदीची वर्षं जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं.

सुरुवात पॅच क्लॅम्पपासून करू, कारण बाकीच्या तंत्रांची पारख शेवटी पिपेटच्या, म्हणजे पेशीला टेकवलेल्या काचेच्या नळीच्या, नोंदीशीच ताडून होते. एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका आयन-चॅनेलमधून (पेशीच्या पटलातल्या सूक्ष्म दारातून) वाहणारा प्रवाह या पद्धतीनं मोजून दाखवला. १९९१ चं नोबेल त्याच कामासाठी. काचेची बारीक नळी तापवून ओढली की टोक १-२ मायक्रोमीटरचं उरतं. आतून हलका दाब ठेवून ते पेशीपाशी न्यायचं. टोक भिडलं की पेशीच्या पटलावर बारीकशी खळी पडलेली दिसते. त्याच क्षणी दाब सोडायचा आणि हळूच ओढ द्यायची. नळीतून सोडलेला चाचणीचा चौकोनी पल्स स्क्रीनवर सपाट होत जातो, काही मेगाओहमचा रोध गिगाओहमच्या पुढे जातो: सील बसलं. आणखी एक छोटा झटका, पटल फुटतं आणि उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपासचा आकडा समोर येतो. सील इतकं घट्ट असल्यामुळे गळती जवळजवळ थांबते आणि मिलिव्होल्टहूनही लहान सायनॅप्टिक धक्के (दुसऱ्या पेशींकडून जोडांवर येणारे संकेत) उमटतात. स्पाइक होण्याआधी पेशीच्या आत काय शिजतंय, तिला गप्प करणारे संकेत किती येतायत, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. पण पेशी एका वेळी एक, फार तर दोन-चार. पेशीतला द्रव हळूहळू पिपेटमधल्या द्रवात मिसळतो, नोंद बहुधा तासाभरात संपते. उद्या तीच पेशी पुन्हा मिळणार नाही.

पटलाबाहेर राहून ऐकायचं असेल तर इलेक्ट्रोड. न्यूरोपिक्सेल्स प्रोब २०१७ मध्ये आला तेव्हा १० मिलिमीटर लांबीच्या, केसाएवढ्या जाडीच्या दांडीवर ९६० नोंदबिंदू होते आणि त्यांतले ३८४ एकदम वाचता येत होते. उंदराच्या मेंदूत एकाच फेरीत कॉर्टेक्स, हिप्पोकॅम्पस आणि त्याखालचा थॅलॅमस, शेकडो पेशी, आणि वेळेचा हिशोब मिलिसेकंदाच्या आतला. कोणती पेशी आधी बोलली, कोणती नंतर, असा प्रश्न असेल तर मी डोळे मिटून याच बाजूला कौल देईन.

अडचण पुढच्या टेबलावर येते. हा स्पाइक नेमका कोणाचा, हे आकारावरून ओळखावं लागतं. शेजारच्या दोन पेशींचे स्पाइक सारखे दिसले तर त्या एकीत गोळा होतात, मेंदू जरा सरकला तर एकीच्या दोन होतात, आणि क्वचितच बोलणाऱ्या पेशी निसटून जातात. स्पाइक असे पेशीनिहाय वेगळे करण्याचं, म्हणजे सॉर्टिंगचं, सॉफ्टवेअर बरंचसं काम करतं, तरी निकाल स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. साठवणुकीचाही विचार आधीच करा: ३८४ चॅनेल, सेकंदाला ३०,००० नमुने, म्हणजे तासाला ८० जीबीच्या वर डेटा.

कॅल्शियम इमेजिंगमध्ये आपण वीज पाहतच नाही, विजेमागून आत शिरलेलं कॅल्शियम पाहतो. हा फरक मनात पक्का बसला पाहिजे. जीकॅम्प २००१ मध्ये जुनिची नाकाई आणि सहकाऱ्यांनी मांडलं: हिरव्या चमकत्या प्रथिनाला कॅल्शियम धरणारं कॅल्मोड्युलिन जोडलेलं. ऊतीत खोलवर पाहू शकणाऱ्या टू-फोटॉन मायक्रोस्कोपची जोड मिळाली की उंदराच्या कॉर्टेक्समध्ये साधारण अर्धा मिलिमीटर खोल, शेकडो पेशी जागच्या जागी दिसतात. संवेदक ठरावीक जातीच्याच पेशींत घालता येतो. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे तीच पेशी आज, उद्या, तीन आठवड्यांनी ओळखता येते. शिकताना मेंदू कसा बदलतो हे पाहणाऱ्यासाठी याला तोड नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. भराभर आलेले चार-पाच स्पाइक एकाच फुगवट्यात विरघळतात. दाबणारे संकेत जवळपास दिसतच नाहीत. आजूबाजूच्या तंतूंची चमक पेशीच्या चमकेत मिसळते. ती वजा केली नाही तर नसलेले संबंध दिसू लागतात. जीकॅम्प८ मालिकेत चमक खूप लवकर चढते, पण मायक्रोस्कोप सेकंदाला ३० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद जातात. तो वेग नुसता संवेदक बदलून मिळत नाही.

व्होल्टेज इमेजिंग, म्हणजे पटलावरचा विजेचा दाबच चमकेतून पाहणं, या दोन्ही जगांना जोडू पाहतं, पण सेकंदाला ५०० ते १,००० चित्रं लागतात, प्रकाश तोकडा पडतो आणि रंग लवकर विटतो. हाताशी अनुभवी माणूस नसेल तर पहिला प्रकल्प म्हणून घेऊ नका.

मायक्रोस्कोप आधीच घेऊन झाला असेल आणि प्रश्न वेळेचा निघाला, तर काही पेशींवर इमेजिंग चालू असतानाच बाहेरून पिपेट टेकवून स्पाइक मोजा. जीकॅम्प६ ची पारखही २०१३ मध्ये अशीच झाली होती. चमकेच्या एका फुगवट्यामागे तुमच्या पेशींत किती स्पाइक असतात, हे त्या मूठभर पेशींतून कळतं, आणि मग उरलेल्या शेकडो पेशींबद्दल काय म्हणता येईल हेही.