परमिट रूमची साठामोजणी : सहा महिन्यांचा अनुभव

पुण्यातील आमच्या परमिट रूमची साठामोजणी गेले सहा महिने आम्ही बाहेरच्या एका सेवेकडे सोपवली आहे. 750 मिलीच्या बाटलीतून 30 मिलीचे 25 पेग निघावेत, हा हिशेब कागदावर सोपा असला तरी गर्दीच्या रात्री काउंटरवर तो क्वचितच जुळतो. ही मंडळी उघडी बाटली काट्यावर ठेवतात, रिकाम्या बाटलीचे वजन वजा करतात आणि पेगला सुमारे 28 ग्रॅम धरून उरलेला माल बिलांशी ताडून पाहतात. एका व्हिस्कीत दर आठवड्याला तूट येत होती आणि आमचा संशय, खरे सांगायचे तर, बारमनवर होता. प्रत्यक्षात तो माप न वापरता थेट ग्लासात ओतत होता आणि ग्राहकाला प्रत्येक वेळी थोडी जास्तच जात होती.

धोक्यांची पाहणीही त्यांनी मन लावून केली. बंदिस्त कोठीत साखळीविना उभा असलेला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आम्हाला रोज दिसत होता, पण खटकला त्यांना.

तक्रारी दोन आहेत. ड्राफ्ट बिअरचा केग ते नुसता हलवून अंदाज बांधतात, जे एवढ्या शुल्कात पटत नाही. शिवाय एकदा ते शनिवारी रात्री आठला मोजणीस आले, तेव्हा चहा पाजून परत पाठवावे लागले. उत्पादन शुल्काच्या नोंदवहीला ते हात लावत नाहीत. ते काम आमच्याकडेच राहते.