चोवीस कप्प्यांची फाइल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

संक्रांतीनंतर आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी ओसरली, तेव्हा नवी पेठेतील एका स्टेशनरीच्या दुकानातून मी चोवीस कप्प्यांची प्लास्टिकची फाइल ३८५ रुपयांना घेतली. तोवर आमच्या घराची सगळी कागदपत्रे सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या सोलापुरी चादरीच्या घडीखाली असत. सासरे गिरणीत नोकरीला होते. कोणता कागद कुठे आहे हे त्यांना तोंडपाठ होते, पण दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. ते गेल्यावर सासूबाईंच्या पेन्शनसाठी लागणारा एक कागद शोधण्यात आमचे अकरा दिवस गेले आणि शेवटी तो एका जुन्या दिनदर्शिकेच्या पानांत मिळाला. त्यामुळे मी घरी नसताना सासूबाईंना हवा तो कागद काढता येतो का, एवढी एकच कसोटी मी या फाइलला लावली.

त्या कसोटीला फाइल उतरली, आणि त्याचे श्रेय कप्प्यांवरच्या चिठ्ठ्यांना आहे. प्रत्येक कप्प्याच्या टोकाला चिठ्ठी सरकवण्याची पारदर्शक खाच आहे आणि ती बोटभर रुंद असल्यामुळे स्केचपेनने ठळक मराठी अक्षरांत लिहिता येते. मी आधी ‘विमा’, ‘बँक’, ‘कर’ अशी नावे लिहिली होती. सासूबाईंनी ती वाचून विचारले, “अगं, यात यांची पेन्शन कुठाय?” त्यानंतर चिठ्ठ्या त्यांच्या बोलण्याप्रमाणे बदलल्या : ‘अण्णांची पेन्शन’, ‘घरपट्टी-पाणीपट्टी’, ‘लाइट बिल’, ‘गावचा सात-बारा’, ‘गॅस’, ‘दवाखाना’. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला वर्षातून कोणत्याही महिन्यात देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. त्यासाठी पीपीओ क्रमांक, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक लागतो, म्हणून तो असलेला कागद आता त्या कप्प्यात सर्वांत पुढे आहे. यंदा मी माहेरी गेले असताना सासूबाईंनी तो स्वतः काढला आणि शेजारच्या मुलाला सोबत घेऊन त्या दाखला देऊन आल्या.

पहिल्या कप्प्यात मी एक अनुक्रमणिका ठेवली आहे. कोणते खाते कोणत्या शाखेत आहे, ठेव कोणत्या तारखेला मुदत पूर्ण करते, कोणत्या पॉलिसीचा हप्ता कधी भरायचा आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे सारे त्या एका पानावर आहे. पासवर्ड आणि पिन मात्र त्यावर मुद्दाम लिहिलेले नाहीत. हे पान लिहिताना लक्षात आले की दोन ठेवींवर वारसाचे नावच नव्हते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीवर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा हिस्साही ठरवून देता येतो, त्यामुळे दोन्ही मुलांची नावे एकत्रच लावली. ज्या खात्यात दहा वर्षे काहीच व्यवहार होत नाही, त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. ती नंतर परत मागता येते आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोधताही येते. परंतु असे खाते होते हेच घरात कोणाला ठाऊक नसेल, तर शोधायला बसणार कोण?

आता दोष सांगते. फाइल ए-फोर आकाराची आहे आणि आमचे खरेदीखत लांब, लीगल आकाराच्या कागदावर आहे. ते दुमडून ठेवावे लागले आणि घडीवर कागद आताच मऊ पडू लागला आहे. जुना मुद्रांक कागद लॅमिनेट करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो मी मानला नाही, कारण लॅमिनेशन पुन्हा निघत नाही आणि मूळ कागद प्लास्टिकमध्ये कायमचा अडकून बसतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फाइलचे कप्पे कडक प्लास्टिकचे आहेत आणि त्यांबद्दल तक्रार नाही. मागच्या बाजूचा चेनचा खिसा मात्र मऊ, पारदर्शक आणि उग्र वासाच्या प्लास्टिकचा, म्हणजे पीव्हीसीचा आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आमचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. मे महिन्यात त्या खिशातून इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याची, झेरॉक्स काढली, तेव्हा ‘दुय्यम निबंधक’ ही अक्षरे उलटी होऊन प्लास्टिकला चिकटलेली दिसली. झेरॉक्सची शाई पीव्हीसीला चिकटते आणि उन्हाळ्यात ती लवकर चिकटते. त्याच खिशातील बँकेची भरणा पावती तर पूर्ण कोरी झाली होती. अशी पावती उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत कागदावर असते, ती एरवीही हळूहळू फिकट होते आणि पीव्हीसीत त्याहून लवकर. आता पावती हाती आली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढते आणि त्या खिशात फक्त रिकामी पाकिटे ठेवते.

आधार, पॅन आणि गाडीचे परवाने यांच्यासाठी मी २०१५ पासून सुरू असलेल्या डिजिलॉकरवर भरवसा ठेवते. तेथे सरकारी खात्याने स्वतः दिलेला दाखला मूळ कागदाइतकाच ग्राह्य असतो. आपण फोटो काढून चढवलेल्या प्रतीला ते मोल नसते, हा फरक घरच्यांना समजावून सांगावा लागतो. सात-बाराही डिजिटल स्वाक्षरीसह पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, त्यामुळे जुन्या उताऱ्यांचा गठ्ठा मी कमी केला. खरेदीखत, गॅस जोडणीच्या अनामतीचे व्हाउचर आणि सासऱ्यांच्या हातचे मृत्युपत्र या मूळ कागदांना मात्र कप्पाच लागतो.

ज्यांच्या घरी एका कुटुंबाचे रोजचे कागद आहेत, त्यांनी ही फाइल अवश्य घ्यावी. मात्र चोवीसही कप्पे ठासून भरू नयेत, कारण माझ्या फाइलची खालची शिवण एका टोकाला उसवली आहे. आईसाठी बार्शीला दुसरी फाइल घेऊन जायची आहे. त्यासाठी दुकानदाराला लीगल आकाराची आणि चेनचा खिसा नसलेली फाइल मागवायला सांगितली आहे, आणि मोजून पाहण्यासाठी खरेदीखताएवढा एक कोरा कागद पर्समध्ये ठेवला आहे.